एकशे ऐंशीची भिंत

४ एप्रिल

चि. मुंगीस,

माझ्या हातांनी केलेल्या वस्तूंची यादी आधी देतो. गोळीबाराच्या मैदानावरच्या चोवीस चौकटी, दोरी ओढली की एकदम तोंड फिरवणाऱ्या आणि सहा सेकंदांनी आपणहून पाठ करणाऱ्या. जखमी माणूस ओढून नेण्याच्या सरावासाठी कॅनव्हासचा बाहुला, वजन पंचाहत्तर किलो. तो ओल धरतो, म्हणून दर महिन्याला काट्यावर चढवतो आणि जास्तीची वाळू चमच्यानं काढतो. सरावाची लाकडी पिस्तुलं चाळीस, पोटात शिसं ओतलेली. खऱ्याच्या वजनाशी पाच ग्रॅमचाही फरक नाही. तोल सांभाळत चालायचा नऊ मीटरचा ओंडका. उडी मारून आत शिरायची खिडकी. वर्गातली साठ बाकं, एकही डुगडुगत नाही. तू ज्यावर अभ्यास केलास ते टेबल. आणि तुझ्या मुलासाठी तीन चाकांचा घोडा, जो पार्सलनं परत आला. चाकं तपासली, एकही ढिलं नव्हतं. तेव्हा घोडा परत येण्याचं कारण चाकं नव्हेत, एवढं मला कळलं.

हे कुणी शिकवलं नाही. शाळा सातवीत सुटली, कुणा मिस्त्रीच्या हाताखाली एक दिवस राबलो नाही. पोलीस प्रशिक्षण शाळेत झाडायला लागलो आणि आज तिथल्या कार्यशाळेचा मिस्त्री आहे. तुला हे पाठ आहे. तरी लिहिलं, कारण लिहिता लिहिता हात स्थिर होतो.

यादीत एक वस्तू मुद्दाम घातलेली नाही. अडथळ्यांच्या मैदानावरची भिंत.

तीन वर्षांपूर्वी तू बाळंतपणाच्या रजेवरून परतलीस, बदली मागून आमच्याजवळ आलीस आणि वार्षिक चाचणीत त्या भिंतीवर तीनदा पडलीस. कायदा, प्रथमोपचार, धावणं सगळं पास. गोळीबारात शंभरात एक्याण्णव, जिथं सत्तर पुरतात. फक्त भिंत नाही. भिंत नाही म्हणून प्रमाणपत्र रद्द, प्रमाणपत्र नाही म्हणून वर्दी नाही. सहा वर्षांची नोकरी गेली. तेव्हापासून तू एका गोदामाच्या फाटकावर लोकांच्या पिशव्या तपासतेस, आणि माझ्याशी बोलत नाहीस.

आता कामाचं. भिंतीच्या मापात फरक आढळला आहे. प्रमाणन मंडळाचं नियमपुस्तक मी पेन्सिल घेऊन तीनदा वाचलं. साहित्य मापात नसेल तर चाचणी बाद धरतात आणि उमेदवाराला फेरचाचणी मागता येते. अट एकच: अर्ज त्यानं स्वतःच्या अक्षरात, प्रमाणपत्र रद्द झाल्यापासून तीन वर्षांच्या आत करायचा. तुझी तीन वर्षं तीस जूनला भरतात. एक जुलैला अर्ज केलास तर तू नवखी. मग पार्श्वभूमीची चौकशी, डोळे, छाती आणि सव्वीस आठवड्यांचं प्रशिक्षण पहिल्यापासून. त्याला वयाची अट अठ्ठावीस, आणि तू एकतीसची. म्हणजे तीस जूनला दार बंद होतं, आणि ते ढकलून उघडणारं नाही.

कोरा अर्ज सोबत आहे. भरून पाठव.

बाबा


२१ एप्रिल

चि. मुंगीस,

तीन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अर्ज कोराच परत आला, पण त्याच्या पाठीवर एक ओळ होती: "आढळला म्हणजे कुणाला, किती, आणि कधी?" सही नाही. तुझी आई म्हणाली, "घ्या. पोरीनं एका ओळीत उलटतपासणी घेतली."

उत्तरं क्रमानं देतो.

कुणाला: मला.

किती: दहा सेंटीमीटर. भिंत एकशे ऐंशीची हवी, दोन अधिक-उणे चालतं. ती एकशे नव्वदची होती.

कधी: परवाच, नवी टेप आली तेव्हा.

हे कसं झालं ते ऐक. जुन्या पोलादी टेपचं पुढचं टोक तुटलेलं होतं. मिस्त्री तेवढ्यासाठी टेप टाकत नाही. दहाच्या खुणेला शून्य धरतो आणि माप आखताना दहा मिळवतो. "दहा सोडून" म्हणतात त्याला. नऊ वर्षांपूर्वी भिंत नव्यानं उभी केली, तेव्हा एकशे ऐंशीसाठी टेपवर एकशे नव्वद वाचायचे म्हणून मी कागदावर १९० लिहून ठेवलं. मग जेवायला गेलो. परत येऊन कागदावरचा आकडा पाहिला, आणि दहा सोडून मोजायचं आहे हे आठवून त्यात पुन्हा दहा मिळवले.

इथवरची चूक कुणाच्याही हातून होईल. पुढची माझ्याच हातून होऊ शकते.

नियम सांगतो की साहित्य दरवर्षी मोजायचं आणि सही करायची. तुटक्या टेपनं दरवर्षी कोण झटापट करणार? मी एक मापकाठी केली. कडक, सरळ रेषांचं लाकूड, तीनदा पॉलिश, वरच्या टोकाला पितळी टोपी. आणि तिचं माप कुठून घेतलं? भिंतीवरून. काठी भिंतीला टेकवली, वरच्या कडेशी पेन्सिल ओढली, कापली, अंगावर १८० कोरलं. त्यानंतर दर जानेवारीत काठी भिंतीला लावायचो आणि दर जानेवारीत ती तंतोतंत बसायची. कवायत घेणारे उस्ताद म्हणायचे, "मिस्त्री, भिंत कसली, दागिना आहे." त्यांची सही काठीवरच घ्यायचो, खाली माझी करायचो. अशा आठ वर्षांच्या सह्या आहेत.

आमच्या वेल्डरला हे सांगितलं तर तो चष्मा वर करून म्हणाला, "म्हणजे मिस्त्री, तुम्ही आरशासमोर उभं राहून स्वतःला सलाम ठोकत होता, आणि वर सांगत होता की समोरच्यानं घेतला."

तुझा तिसरा प्रयत्न मला रोज दिसतो. पहिल्या दोन वेळा तुझा पाय भिंतीवरून घसरला. तिसऱ्या वेळी चार बोटांवर अंग अर्धं वर आलं, आणि बोटं एकेक करून सुटली. मैदानावर तू मला नेहमी मिस्त्री म्हणायचीस. त्या दिवशी खाली पडल्या पडल्या म्हणालीस, "बाबा, ही भिंत जास्त आहे." उस्तादांनीही माझ्याकडे पाहून विचारलं, "मोजून घ्यायची का?" मी कार्यशाळेत जाऊन काठी घेऊन आलो. लावली. पितळी टोपी कडेशी चपखल. आणि सगळ्यांच्या देखत म्हणालो, "भिंत वाढत नाही. माणूस घटतो."

दोघं-तिघं हसले. तू टोपी झटकलीस आणि गेलीस.

ते वाक्य ऐनवेळी सुचलं म्हणून मी दोन दिवस स्वतःवर खूश होतो. हेही तुला माहीत असावं.

अर्ज पुन्हा जोडला आहे.

बाबा


९ मे

चि. मुंगीस,

उत्तर नाही. तुझ्या जागी मीही दिलं नसतं, कारण तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर खोटं होतं आणि तुला ते कळलं असणार. "परवाच" असं कुठल्याही साक्षीदारानं म्हटलं की तू पेन खाली ठेवायचीस, हे तूच मला सांगितलं होतंस.

नवी टेप गेल्या वर्षी अकरा सप्टेंबरला आली. नवी टेप हातात आली की मिस्त्री आधी आपल्या लाडक्या कामाला लावून बघतो. मी भिंतीला लावली. एकशे नव्वद. तीनदा लावली. मग टेप सदोष आहे म्हणून दुकानात परत घेऊन गेलो. दुकानदारानं आणखी तीन टेपा काढून शेजारी शेजारी पसरल्या आणि म्हणाला, "मिस्त्री, या चारही खोट्या आणि तुम्ही एकटे खरे, असं म्हणायचंय का?"

त्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी दुपारी एकटा मैदानावर गेलो. वरची फळी उतरवली, दोन्ही खांब दहा सेंटीमीटरनं कापले, फळी बसवली, कापल्या जागी रंग मारला. जुन्या रंगाशी मिळवायला दोन तास लागले. कुणाला पत्ता लागला नाही. जानेवारीत मोजायला काठीऐवजी टेप नेली, तर उस्ताद म्हणाले, "दागिन्याचा गज कुठं गेला?" मी म्हणालो, "वाळवी लागली." चाचणीत त्या वेळी भिंतीवर कुणीच पडलं नाही. उस्ताद खूश. "तुकडी दमदार आहे यंदाची." मी "हो" म्हणालो.

सात महिने मी "हो" म्हणत होतो.

मार्चअखेर जुनी रजिस्टरं बांधायला माझ्याकडे आली. पुठ्ठे चढवता चढवता नापासांची पानं चाळली. भिंतीवर नापास होऊन प्रमाणपत्र गमावलेले एकूण अकरा. आठवं नाव तुझं, समोर तारीख. तीस जून. मी बोटांवर महिने मोजले आणि घरी येऊन तुझ्या आईला सगळं सांगितलं. ती पीठ मळत होती. मळतच राहिली. मग म्हणाली, "भिंतीवरची तसबीर केसभर वाकडी झाली तर तुमच्या घशाखाली घास उतरत नाही. पोरीचा जन्म वाकडा केलात आणि सात महिने पोटभर जेवलात?"

दुसऱ्या दिवशी तुला पहिलं पत्र लिहायला बसलो, त्यातही "आढळला" असं लिहून पळवाट ठेवली.

आता पळवाट नाही. बावीस एप्रिलला प्राचार्य साहेबांपुढं लेखी जबाब घेऊन गेलो. त्यांनी वाचून कागद उलटा ठेवला.

"भिंत आज किती आहे, मिस्त्री?"

"एकशे ऐंशी, साहेब."

"मग मिटलं की."

"गेल्या ऑगस्टात किती होती ते विचारा."

"ऑगस्ट गेला," ते म्हणाले. "या अकराजणांच्या मागं अकरा वकील उभे राहतील. शाळेचं नाव जाईल. आणि लोक काय म्हणतील? मिस्त्रीनं मुलीसाठी भिंत कापली."

या शेवटच्या वाक्यावर मी तीन दिवस विचार केला, कारण ते खरं आहे. लोक असंच म्हणणार. म्हणून अकराच्या अकरा जणांना स्वतः पत्रं लिहिली, पत्ते रजिस्टरातून काढून. तीन वर्षांच्या मुदतीत तुझ्यासकट चौघंच बसतात. उरलेल्या सातांना फेरचाचणी मिळणार नाही, तरी लिहिलं. निदान माप तरी त्यांना कळू दे. तीन पत्रं पत्ता चुकून परत आली. सातांपैकी एक आता बस चालवतो. त्याचा फोन आला. आधी मला हवं ते बोलला, मी ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, माझे वडील पोलिसात होते. त्यांना मरेपर्यंत वाटत राहिलं की मी जोर लावला नाही." आणि फोन ठेवला.

अर्ज तिसऱ्यांदा जोडतो. बावन्न दिवस उरलेत.

बाबा


६ जून

चि. मुंगीस,

साहेबांनी पुढं पाठवला नाही म्हणून जबाब मी थेट मंडळाला धाडला होता, त्यावर दोन तारखेला मंडळापुढं सुनावणी झाली. लांबट खोली, टेबलाच्या पलीकडं तिघं. मधल्या बाई निवृत्त न्यायाधीश. मी काठी कापडात गुंडाळून नेली होती. दारावरचा शिपाई म्हणाला, "शस्त्र आत नेता येत नाही." मी म्हणालो, "शस्त्र नाही, साक्षीदार आहे." तरी त्यानं कापड सोडून पाहिलंच. त्याचं काम तो नीट करत होता.

बाईंनी मंडळाची टेप काठीला लावली. एकशे नव्वद. मग अंगावर कोरलेलं १८० पाहिलं. मग एकेक करून सह्या वाचल्या. उस्तादांच्या आठ, माझ्या आठ. मला विचारलं, "आठ वर्षांत एकदाही टेप लावावीशी वाटली नाही?"

"नाही, बाई."

"का?"

"भिंत मी केली होती म्हणून."

त्यांनी हे शब्दशः उतरवून घ्यायला सांगितलं.

बाहेर व्हरांड्यात उस्तादांनी मला गाठलं. कानापर्यंत लाल झालेले. "मिस्त्री, बुडायचं तर एकट्यानं बुडायचं. माझी सही कशाला ओढलीत?" मी म्हणालो, "तुमची सही तुमच्याच हातची आहे, उस्ताद. मी फक्त लाकूड दिलं." वीस वर्षांची ओळख होती. आता येता-जाता ते घड्याळ बघतात.

निकाल असा: त्या काळातल्या भिंतीच्या चाचण्या बाद. मुदतीत अर्ज करणाऱ्याला फेरचाचणी. पास झाला तर प्रमाणपत्र आणि ज्येष्ठता दोन्ही परत. पुढं इतरांसारखंच दरवर्षी चाळीस तास प्रशिक्षण आणि चाचणी. चौघांपैकी तिघांचे अर्ज आलेत. कारकुनानं चौथं पाकीट दाखवलं. वर तुझं नाव, आत काहीच नाही. "अर्ज नाही तर मी फाइल कशाची उघडू?" तो म्हणाला. बरोबर आहे त्याचं.

मला कार्यशाळेतून काढून भांडाराच्या दारात बसवलंय. बादल्या आणि झाडू मोजून देतो. मापाचं सगळं काम बाहेरच्या माणसाकडं गेलं. तो गाडीतून उतरला तर हातात तीन टेपा. मला आधी हसू आलं, मग आलं नाही.

आता तुला एकच सांगतो. मला माफ कर असं मी लिहिणार नाही. ते मागायचं माझं तोंड नाही आणि तू द्यावंस असं कुठल्या नियमात नाही. पण माझ्यावर रागावून तू अर्ज केला नाहीस, तर ते पुन्हा एकदा माझ्याच काठीनं मोजून घेणं होईल. पहिल्यांदा मी मोजलं. या वेळी तू स्वतः काठी हातात घेशील.

तू घटली नव्हतीस, मुंगे. चार बोटांनी एकशे नव्वदवर अंग पेललं होतं, बाळ आठ महिन्यांचं असताना, एकशे सत्तावन्न उंचीच्या बाईचं. मी ती बोटं पाहिली होती आणि मोजली नाहीत.

चोवीस दिवस.

बाबा


२९ जून

चि. मुंगीस,

तुझा अर्ज सव्वीस तारखेला मंडळात पोचला. शिक्का मी डोळ्यांनी पाहिला, कारकुनाला दोनदा दाखवायला लावला. तो म्हणाला, "काका, आता काय चाटून बघता?"

तुझं पत्रही आलं. सहा ओळी. मी त्या तशाच उतरवून उत्तर देतो, म्हणजे काही सुटायला नको.

"अर्ज टाकला आहे." हो.

"ते सात महिने मी विसरणार नाही." विसरू नकोस.

"रोज पहाटे पळते. फाटकावरच्या बायका गोदामाच्या कुंपणावर चढायला मदत करतात, खालून ढकलतात आणि शिव्या देतात." त्यांना माझा नमस्कार सांग. ढकलणं आठवडाभर आधी बंद करायला सांग. शिव्या चालू राहू देत. मनगटापेक्षा पायावर भर दे. पंजा कमरेच्या उंचीला मारलास की कड आपणहून खाली येते. हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, पण बाप म्हणून लिहिलं.

"चाचणीच्या दिवशी तुम्ही मैदानावर यायचं नाही." येणार नाही. चाचणी चौदा जुलैला, सकाळी आठला. भिंत बाहेरचा माणूस मोजेल, तुझ्या समोर, आणि तू सांगशील तेवढ्या वेळा. मोजल्याशिवाय धावायचं नाही. तो तुझा हक्क आहे, नियम आता तसा झालाय. मी भांडारात असेन. तिथल्या दारातून भिंत दिसत नाही. उभं राहून, बसून आणि स्टुलावर चढून खात्री करून घेतली.

"पास झाले तर आईला कळवीन." कळव. ती मला सांगायची की नाही हे तिच्यावर सोड.

आणि शेवटची ओळ: "प्राचार्य साहेबांनी तुम्हाला गप्प बसायला काय देऊ केलं होतं, आणि किती? आई सांगत नाही. तुम्ही सांगा, आणि या वेळी 'परवा' नको."

अठरा मे, सोमवार, दुपारी सव्वातीन. सुनावणीला पंधरा दिवस होते. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, बसायला सांगितलं. तीस वर्षांत त्या खोलीतली खुर्ची दुरुस्त करायला बसलो होतो, बसायला म्हणून पहिल्यांदा बसलो. चहा मागवला. म्हणाले, "मिस्त्री, चार नव्या प्रशिक्षण शाळा होतायत. चारही ठिकाणची अडथळ्यांची मैदानं तुम्ही करायची. आराखडा तुमचा, लाकूड तुमच्या पसंतीचं, हाताखाली माणसं तुम्ही निवडलेली." टेबलावर आराखड्याचा कागद पसरलेला होता. प्रत्येक भिंतीच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन आखला होता. मी विचारलं, हे काय. म्हणाले, "पितळी पट्टी. करणाऱ्याचं नाव कोरायला."

तू विचारलंस म्हणून सांगतो. त्या चौकोनाशी मी अडखळलो. चहा संपेपर्यंत अडखळलो. सातवीत शाळा सुटलेल्या माणसाचं नाव चार शाळांच्या भिंतींवर, आणि नवी पोरं त्यावर हात टेकून अधिकारी होणार. मी मनातल्या मनात अक्षरांची उंचीसुद्धा ठरवली. अठरा मिलिमीटर.

बदल्यात काठी भांडारात जमा करून जळणात काढायची, आणि एका कागदावर सही: "नव्या टेपनं मोजण्यात माझ्या हातून चूक झाली, भिंत पहिल्यापासून एकशे ऐंशीचीच होती." टाइप करून तयार होता. शुद्धलेखन नीट होतं.

मी कप बशीत ठेवला आणि म्हणालो, "साहेब, एवढं मोठं काम मला जमायचं नाही. माझं माप चुकतं."

ते म्हणाले, "मजुरी वाचली नाहीत तुम्ही." वाचली होती. कागदाच्या तळाशी आकड्यात आणि अक्षरात लिहिली होती, दोन्ही जुळत होती. चार मैदानांचे मिळून नऊ लाख साठ हजार, निम्मे सही केल्या दिवशी.

बाबा